प्रमिलाच्या हातचा पिझ्झा डिप

प्रमिला गेल्याचा फोन आला तेव्हा सकाळचे साडेनऊ वाजले होते आणि मी गॅलरीत कपडे वाळत घालत होते. तिची मुलगी स्नेहा म्हणाली, "मावशी, आई गेली." मी विचारलं, "कुठं?" नागपूरच्या धंतोलीतल्या एका खासगी दवाखान्यात मी तीस-बत्तीस वर्षं नर्स होते. हेच वाक्य मी कितीतरी नातेवाइकांना सांगितलं आहे आणि त्यांतल्या अनेकांनी मला असाच काहीतरी वेडगळ प्रश्न विचारला आहे… ते असं का विचारतात, हे मला त्या सकाळी समजलं. प्रमिला चहा ठेवायला उठली आणि ओट्यापाशीच खाली बसली, एवढंच झालं होतं. दवाखान्यात नेईपर्यंत सगळं संपलं होतं. त्याला आता सात आठवडे झाले.

आमची ओळख त्या दवाखान्यातलीच. मी वॉर्डात आणि ती दवाखान्याच्या स्वयंपाकघरात. विदर्भाच्या कुठल्याकुठल्या गावांहून आलेल्या रुग्णांसाठी मुगाचं पाणी, बिनमिठाची खिचडी, मऊ भात, असलं जेवण ती रांधायची. त्या जेवणाला कोणी चांगलं म्हणत नाही. प्रमिला मात्र वाढायला स्वतः वॉर्डात यायची आणि कोण किती जेवलं हे पाहून जायची. एकदा मला बाजूला घेऊन म्हणाली, "सात नंबरच्या बाबाले गिळताना दुखून राहिलं. तो भूक नाही म्हणते, पण वासानं मान वर करते. डॉक्टरले सांग." डॉक्टरांना सांगितलं, आणि त्यांनी तपासलं तर खरंच तसं निघालं. माणूस 'नको' म्हणतो तेव्हा त्याला खरोखर काय नको असतं, हे तिला फार लवकर कळायचं. पुढे तिच्या स्वतःच्या घरात हेच कळणं तिला चांगलंच जड गेलं.

तिचे यजमान लवकर वारले होते. स्नेहाला तिनं एकटीनं वाढवलं, शिकवलं. स्नेहानं आपल्या ऑफिसातल्या नीलेशशी लग्न ठरवलं. मुलगा गुणी होता, पण घर कन्हान नदीच्या पलीकडच्या एका गावातलं, जुन्या वळणाचं शेतकरी घर. प्रमिलाचं घर बौद्ध धम्माची दीक्षा घेतलेलं. तिचे वडील तरुणपणी आपल्या आईबरोबर दीक्षा घ्यायला गेले होते आणि ती गोष्ट ती मान वर करून सांगायची. नीलेशच्या आईवडिलांना हे लग्न नको होतं, आणि का नको होतं हे सगळ्यांना ठाऊक होतं. तरी ते लग्नाला आले, मागच्या खुर्च्यांवर बसले आणि पंगत मांडायच्या आधी निघून गेले. नात झाल्यावर मात्र त्यांना राहवलं नाही. ओवीला बघायला म्हणून सुमनबाई आणि गोविंदराव नागपूरला येऊ लागले. स्नेहा नोकरीवर जाई, ओवी दिवसभर प्रमिलाकडे असे. त्यामुळे नातीला भेटायचं म्हणजे प्रमिलाच्या घरी येणं आलंच.

ते येत, पण खात नसत. पहिल्यांदा सुमनबाई म्हणाल्या, आज चतुर्थी आहे. पुढच्या खेपेला सोमवार निघाला, मग एकादशी, मग पोट बरं नव्हतं. गोविंदराव बायकोकडे बघत आणि "मलाही नको" म्हणत. पाणी दिलं तर ग्लास तसाच टीपॉयवर राही. एकदा मी तिथं होते. ते गेल्यावर मी ग्लास उचलायला लागले तर प्रमिलानं माझा हात थांबवला. दोन्ही ग्लास आत नेले आणि ओट्याशी उभं राहून त्यातलं पाणी एकामागून एक तीच प्यायली.

"तू बोलत काहून नाहीस वं?" मी चिडून विचारलं.

"काय बोलू? जेवा म्हणून हात धरू? माह्या पोरीले त्यांच्यात नांदायचं आहे."  मग म्हणाली, "पाणी पिऊन पाहिलं. चांगलं होतं."

ओवीचा पाचवा वाढदिवस आला. पोरीनं पिझ्झा पार्टी मागितली. स्नेहानं अगदी सरळ मनानं सुचवलं की, सगळं बाहेरून मागवू, म्हणजे नीलेशचे आईबाबाही खातील. ती असं म्हणाली आणि दुसऱ्या दिवशी प्रमिला माझ्याकडे आली. बसली नाही, दारातच उभी राहिली.

"दुकानातल्या पोराचे हात चालते, माहे चालत नाही," ती म्हणाली. "अन् तेही माह्याच घरात बसून. मी नाही मागवत, कुंदा."

पिझ्झा घरी करणं आमच्यापैकी कोणालाच येत नव्हतं. ओवीनंच मोबाइलवर 'पिझ्झा डिप'चा व्हिडिओ शोधून दाखवला. त्यात पिझ्झ्याची पोळीच नव्हती. पसरट भांड्यात चीजचा थर, त्यावर टोमॅटोचा सॉस, वर पुन्हा चीज आणि सिमला मिरची. भांडं भट्टीत भाजायचं आणि मध्ये ठेवून सगळ्यांनी पावाचे तुकडे त्यात बुडवून खायचे. प्रमिलानं तो व्हिडिओ तीनदा पाहिला. "एकाच भांड्यातून सगळ्यांनी?" तिनं ओवीला विचारलं. ओवी म्हणाली, "हो, तसंच असतं." प्रमिलानं मोबाइल परत दिला आणि म्हणाली, हेच करू.

आम्ही दोघी इतवारी बाजारात जाऊन काचेचं पसरट भांडं आणलं. स्नेहानं आणून दिलेली लहान विजेची भट्टी प्रमिलाच्या घरी होती, पण तिच्यात ती पापडांचे डबे ठेवत असे. ते आधी बाहेर काढले. पहिल्या दिवशी डिप नुसताच पातळ झाला. टोमॅटोचं पाणी वर आणि चीजचा गोळा खाली. प्रमिला त्याच्याकडे बघत हसली. "अख्खी नोकरी पातळ करण्यात गेली माही," म्हणाली. "आता म्हातारपणी आटवायला शिकून राहिली." दुसऱ्या दिवशी तिनं टोमॅटो भाजलेल्या लसणीबरोबर कढईत इतके आटवले की उलथनं ओढलं तर मागं वाट राहावी. व्हिडिओतलं मऊ चीज महाग आणि आंबूस वाटलं, म्हणून तिनं रात्रभर टांगलेल्या दह्याचा चक्का आणि घोटलेलं पनीर एकत्र केलं, चवीला मीठ घातलं, आणि तो खालचा थर केला. काळी ऑलिव्ह तिनं चाखून बाजूला ठेवली. "ही कसली कडू जांभळं," म्हणाली. पुडीतल्या मिरचीऐवजी भिवापुरी मिरची तव्यावर गरम करून हातानं चुरली. वीस मिनिटांनी कडा तपकिरी झाल्या, मधे बुडबुडे येऊ लागले, आणि सगळ्या जिन्यात तो वास पसरला. आम्ही दोघींनी स्वयंपाकघरात उभ्यानंच, जीभ पोळवून घेत, निम्मं भांडं संपवलं. इतक्या आनंदात मी तिला फार थोड्या वेळा पाहिली आहे.

वाढदिवस गुरुवारी होता. पार्टी तिनं रविवारी ठेवली. का, ते मी विचारलं नाही. पण भिंतीवरच्या कॅलेंडरसमोर चष्मा लावून उभी असताना मी तिला पाहिलं होतं. ज्या घरात कधी कोणी चतुर्थी-एकादशी केली नाही, त्या घरातली बाई दुसऱ्यांच्या उपासांचे दिवस बोटानं शोधत होती.

रविवारी संध्याकाळी ओवीच्या शाळेतली सात-आठ मुलं आली, शेजारचे आले, सुमनबाई आणि गोविंदराव आले. केक कापला. प्रमिलानं फडक्यात धरून ते धगधगतं भांडं आणलं आणि टेबलाच्या मधोमध ठेवलं, भोवती भाजलेल्या पावाचे तुकडे. मुलं तुटूनच पडली. चीजच्या तारा ओढत, एकमेकांच्या हाताखालून हात घालत ती खात होती. स्नेहानं सासूसासऱ्यांसमोर बशा धरल्या. सुमनबाई म्हणाल्या, "मले आज उपास आहे."

प्रमिला तिथंच होती. आवाज न चढवता ती म्हणाली, "विहीणबाई, आज कोणताच उपास नाही. मी पाहूनच दिवस ठेवला."

 मुलांचा गोंधळ चालूच होता. सुमनबाईंचा चेहरा उतरला, त्या हळूच म्हणाल्या, "मग भूक नाही म्हणा." गोविंदरावांनी आपल्या हातांकडे पाहिलं. मग उठले, टेबलापाशी गेले, मुलांच्या घोळक्यात हात घालून त्यांनी पावाचा एक तुकडा बुडवला आणि उभ्यानंच खाल्ला.

"काय म्हणते याले?" त्यांनी प्रमिलाला विचारलं.

"पिझ्झ्याचं भरीत समजा."

"मिरची आपल्या इकडची दिसते."

"भिवापुरी आहे," प्रमिला म्हणाली. त्यांनी मान हलवली आणि दुसरा तुकडा घेतला. नीलेश खिडकीकडे तोंड करून उभा होता. तो रडत होता हे माझ्या नंतर लक्षात आलं.

आता जे सांगते आहे ते मी प्रमिला असेपर्यंत कोणाला सांगितलं नाही. मुलं बाहेर खेळायला गेली तेव्हा रिकामं झालेलं भांडं स्वयंपाकघरात नेऊन ठेवलं होतं. आम्ही दोघी मागच्या बाल्कनीतून बशा घेऊन येत होतो. आत सुमनबाई होत्या, आमच्याकडे पाठ करून. त्या भांड्याच्या कडेला चिकटलेला करपट थर बोटानं खरवडत होत्या आणि खात होत्या. एकदा-दोनदा नाही, चांगला वेळ. मी पुढं होणार तोच प्रमिलानं माझा दंड धरला आणि मला मागं खेचलं. आम्ही दोघी बाल्कनीत कपड्यांच्या दोरीखाली उभ्या राहिलो, सुमनबाई बाहेरच्या खोलीत परत जाईपर्यंत.

मला राग आला होता. सगळ्यांसमोर नाही म्हणायचं आणि आत येऊन चोरून खायचं, हा अपमानच आहे, असं मी तिला त्या रात्री फोनवर म्हणाले. प्रमिला शांत होती. "तिले माह्या अन्नाची शिसारी नाही, कुंदा. हे मले आज समजलं. तिले लोकांची भीती आहे. शिसारीवर इलाज नसते, भीती उतरते." आणि मग, "कोणाले सांगू नको. स्नेहालेही नाही. सांगितलं तर ती पुन्हा या घरी यायची नाही."

तिचं हे वागणं बरोबर होतं का, याचा मी अजून विचार करते. तिच्या घरातल्या माणसांनी पिढ्यान्पिढ्या जे सोसलं, त्यानंतरही समजून घ्यायचं ओझं तिनंच का उचलायचं? मी तिला तसं म्हटलंही होतं. ती म्हणाली, "मी माफ नाही करून राहिली, वाट पाहून राहिली. दोन्हीत फरक आहे." पुढच्या खेपेला सुमनबाईंनी पाणी घेतलं. दिवाळीच्या सुमारास चहा घेतला, अर्धा कप. गोविंदराव तर बिनदिक्कत जेवू लागले. सुमनबाई मात्र त्यांच्या शेजारी ताटाविना बसत आणि ओवीला भरवत. असं दीड वर्ष गेलं. प्रमिलानं एकदाही विषय काढला नाही. तिला वाटलं असावं, वेळ भरपूर आहे…

प्रमिलासाठी ठेवलेल्या पुण्यानुमोदनाच्या दिवशी घर भरलं होतं. भंतेजींनी बुद्धवंदना घेतली, चार माणसं बोलली, मलाही बोलायला सांगितलं, पण मला जमलं नाही. मग जेवणं. गावाहून सुमनबाई, गोविंदराव आणि सुमनबाईंचे थोरले दीर असे तिघं आले होते. दीर दाराबाहेर चप्पल पायात घालूनच उभे होते, निघायची वेळ झाली असं सुचवत. सुमनबाईंनी त्यांच्याकडे पाहिलं. मग त्या आत आल्या आणि पंगतीत प्रमिलाच्या भावाशेजारी, उघड्या दारासमोर, मांडी घालून बसल्या. वरणभात जेवल्या. भाजी पुन्हा मागून घेतली. दीर तसेच बाहेर राहिले.

जेवणं आटोपल्यावर त्या स्वयंपाकघरात माझ्यापाशी आल्या. "सिस्टर, एक विचारू?" म्हणाल्या. "ओवीच्या वाढदिवसाले मी इथं ते चीजचं खाल्लं होतं. लपून. त्यांनले समजलं होतं का?"

प्रमिलानं कोणाला सांगू नको म्हटलं होतं. पण त्या 'कोणा'त सुमनबाई येत नाहीत, असं मी ठरवलं. "हो," मी म्हणाले. "आम्ही दोघींनी पाहिलं होतं."

त्यांनी ओट्याची कड धरली. "मग बोलल्या काहून नाही मले?"

"तुम्ही बोलाल म्हणून थांबली होती."

"मी दर खेपेले ठरवून येत होती," त्या म्हणाल्या, "की आज बसीन…"

बाहेर पंगतीतली उष्टी ताटं पडली होती. सुमनबाईंनी पदर खोचला, बाहेर जाऊन ती सगळी ताटं गोळा करून आणली, प्रमिलाच्या भावाचं, शेजाऱ्यांचं, माझं, आणि नळाखाली बसून घासायला घेतली. स्नेहा "आई, राहू द्या" म्हणत आली. त्यांनी मान वर केली नाही. मी फडकं घेऊन पुसत होते. शेवटचं ताट माझ्या हातात देताना त्यांनी विचारलं, "त्या ताटं कुठं ठेवतात?"

"डावीकडच्या फळीवर," मी म्हणाले. "पालथी."

त्यांनी ती एकेक करून पालथी ठेवली.