पिल्लावरची मरळ

आमच्या गावचं तळं टाकव्याच्या अलीकडं, रस्त्याला लागूनच आहे. गावाचं म्हणजे कुणाचंच नाही, त्यामुळं कुणीही यावं आणि घाण करून जावं. आखाडात तर विचारूच नका. श्रावणात महिनाभर काही चालत नाही म्हणून आधीच्या आठ दिवसांत लोक असे तुटून पडतात, की जणू पुढं जन्मभर उपासच घडणार आहे. मुंबईच्या गाड्या येतात, पण सगळं खापर त्यांच्यावर कशाला फोडू? कोंबड्यांची आतडी पोत्यात भरून आणून पाण्यात ओतणारे आमचेच असतात. त्या आतड्यांवर मांगूर पोसतात. काळे, बुळबुळीत, मिशांचे. मागं कुणीतरी दोन बादल्या आणून सोडले आणि त्यांनी तळ्यातले बाकीचे मासे फस्त केले. गळाला मांगूर लागला की त्याला हात लावायचीसुद्धा मला शिसारी येते.

तरी दोन वर्षांपूर्वी आखाडातल्या शेवटच्या रविवारी मी तिथं गळ टाकून बसलो होतो, तो आईसाठी. तीन आठवडे ती तापानं पडून होती. ताप उतरला, पण अन्नावरची वासनाच गेली. भाताचं पाणीही तोंडातून परत यायचं. एवढंच म्हणाली, "मरळीचा रस्सा असता तर दोन घास गेलं असतं." आजारातून उठलेल्याला मरळ द्यायची, हे आमच्याकडं ठरलेलंच. मी तळेगावच्या बाजारात दोन दिवस हिंडलो. एकानं मरळ म्हणून सोललेला मांगूर पुढं केला. खवलं कुठायत विचारलं, तर म्हणाला, साफ करून ठेवलंय. दोन दिवसांत श्रावण लागणार होता, आणि श्रावणात आईनं जीव गेला तरी मासा तोंडात घेतला नसता.

तळ्यावर माझ्याशिवाय गावातले एक आबा होते. ते बारा महिने तिथंच बसतात. दुपारपर्यंत मला तीन मांगूर लागले, तिन्ही मी काठावर फेकले. मग लव्हाळ्याजवळ पाण्यावर लालसर पिल्लांचा एक घोळका वर-खाली होताना दिसला, आणि त्याच्या खाली मरळ. चांगली हातभर. इतक्या वर्षांत त्या तळ्यात मरळ उरली असेल असं मला वाटलं नव्हतं. मी डब्यातली बेडकी गळाला लावली.

आबांनी माझ्याकडं बघितलं. "तिला सोड रं," ते म्हणाले. "पिल्लावर हाय ती. पिल्लावरची धरत न्हाईत, ठावं हाय न्हवं तुला?"

"आबा, आई आजारी हाय."

"ते बी ठावं हाय मला."

मी गळ टाकला. अशी मरळ भुकेनं धावत नाही. पिल्लांजवळ काही आलं की त्याला हुसकायला धावते, म्हणूनच ती धरायला सगळ्यात सोपी. पहिल्याच खेपेला लागली. मी तिला काठावर ओढलं तेव्हा आबा आपल्या गळाची दोरी गुंडाळत होते. पिशवी उचलून ते माझ्यामागून निघून गेले.

पिल्लं तिथल्या तिथं फिरत राहिली. मग मांगुरांच्या काळ्या पाठी वर आल्या आणि पाणी खळबळलं. मी मरळ हातात धरून ते सगळं बघितलं. पाणी निवळलं तेव्हा एकही पिल्लू दिसेना. वर रस्त्यावर दोघेजण मोटरसायकलवरून पोतं उतरवत होते. एरवी मी त्यांच्या सात पिढ्या उद्धरल्या असत्या. त्या दिवशी मान खाली घालून त्यांच्या शेजारून गेलो. त्यांच्यापेक्षा मीच घाणेरडा, असं वाटलं, आणि अजूनही वाटतं.

बायकोनं रस्सा केला. आई उशीला टेकून बसली, वाटी तोंडाला लावली आणि थांबली.

"पिल्लावरची न्हाई ना रं?"

"न्हाई," मी म्हणालो.

ती दोन वाट्या प्यायली. भाकरीचा चतकोर कुस्करून खाल्ला. तीन आठवड्यांत पहिल्यांदा तिच्या चेहऱ्यावर तरतरी दिसली. मी चटणीशी भाकरी खात होतो. ते बघून तिनं स्वतःच्या ताटातली मधली तुकडी उचलून माझ्या ताटात ठेवली.

"माझ्यापायी दिसभर चिखलात बसलास. खा."

ती माझ्याकडं बघत बसली होती. मी खाल्ली. चव फार चांगली लागली, आणि त्याचीच जास्त किळस आली.