दुधाच्या बोटाची वात

दौंडला भीमेवर सकाळी धुकं उतरलं, की न्हावऱ्याची ती केस आठवल्याशिवाय राहत नाही. निवृत्तीच्या आधी मी शिरूरला होतो, तेव्हाची.

न्हावऱ्यात एक जण घरीच व्हेपच्या कॉइल भरून देतो, अशी खबर आली. व्हेप म्हणजे बॅटरीवर चालणारी सिगारेट. आपल्याकडे तिच्यावर बंदी आहे. आतली तार आणि तारेतला कापूस करपला की ती बाद होते. मग आसपासच्या कंपन्यांतली पोरं जुनी कॉइलच याच्याकडून नव्यानं भरून घेत.

त्यातल्या एकाला ठाण्यात आणलं. त्याचा व्हेप टेबलावर होता. "चालू हाय का बघतो," म्हणत आमच्या हवालदारानं बटण दाबलं. नको तिथं उत्साह! पांढरी वाफ खोलीभर तरंगत राहिली. आंब्याच्या वासामागून करपलेल्या दुधाचा वास आला आणि क्षणभर ठाणं कुठंतरी विरून गेलं. मी लहानपणच्या देवघरात होतो. वाती वळताना माझी आई बोटाला दूध लावायची.

ज्याच्यावर संशय होता, त्याला बोलावलं. पंपाच्या जळलेल्या मोटारींत नवी तार भरून देणारा तरणा गडी.

"सायेब, मी मोटारी भरतो. व्हेप-बीप मला म्हाईत न्हाई."

कितीही विचारलं तरी हेच पालुपद. अशा माणसावर ओरडून काही होत नाही. मी चहा मागवला आणि सहज विचारलं, "वाती कोण वळतं रे घरी?"

त्याचा चेहरा पडला. "सगळं सांगतो सायेब. पर आईला यात घिऊ नका. वाती देवळात जात्यात, आसंच वाटतंय तिला."

पंचांना घेऊन त्याच्या घरी गेलो. उसावर अजून धुकं होतं. म्हातारी ओसरीवर वाती वळत बसली होती, शेजारी वाटीत दूध. आत तार, चिमटे आणि कापसाच्या जागी तिच्याच वाती घातलेल्या जुन्या कॉइल सापडल्या. पंचनामा झाला. म्हातारीचा जबाब घेणं भाग होतं.

"मावशी, या वाती कशासाठी?"

"देवासाठी. दुसरं कशाला?"

एवढंच लिहून घेतलं. ते खरंच होतं आणि तेवढ्यानं ती सुटली. पण पोराला राहवलं नाही.

"आये, देवळात एक बी गेली न्हाई."

"मंग कुठं जळल्या रं?"

त्यानं मान खाली घातली. मला फार वाईट वाटलं.

पोराला जामीन मिळाला. पुढे एकदा त्या वाटेनं गेलो, तर तो दारात मोटार भरत होता. आई कुठं, विचारलं.

"देवळात. वाती सोता घिऊन जाती आता. माझ्या हातात देत न्हाई."

नोकरीत कोठडीला भिणारे पुष्कळ पाहिले. पण घरच्या माणसाचा विश्वास गेला, की त्याला जामीन देणारं कोर्ट नाही, हे मला त्या दारात उभं राहून कळलं.