अ‍ॅक्सलवरच्या पाटीचा भरोसा

सकाळपासून चैन नाही, मित्रहो.

बाबांच्या जुन्या पिकपचे मागचे गिअर झिजले. अ‍ॅक्सलच्या पाटीवर रेशो चार आहे, म्हणजे चाकाच्या एका फेऱ्याले इंजिनाकडून येणाऱ्या शाफ्टचे चार. नवे गिअर मागवाले तोच नंबर दुकानदाराले पाठवला.

मग खात्रीसाठी मागची दोन्ही चाकं उचलली, खडूची खूण केली, सोबतच एक फेरा फिरवली. शाफ्ट पाच वेळा फिरला. तीनदा मोजलं.

आई पाहून राहिली होती. "टेकडीवर कारखाना बनत होता तवा बांधकामाची गिट्टी घेऊन गाडी चढे नाही. तुह्या बाबानं न् म्या दुसऱ्या गाडीचे गिअर टाकले. पाटी जुनीच राहिली."

"आधी कावून नाही सांगितलं?"

"तू इचारलं कुठं?"

ऑर्डर थांबवाले फोन लावतो, तर दुकानदार उचलून नाही राहिला. आई म्हणते, गाडीत आणखी एक गोष्ट बदलली आहे.

विचारू का?