स्वतःच्या पलंगासाठी गोधडी

आमच्या वहिनीने सगळ्या ओळखीपाळखीच्यांना गोधड्या शिवून दिल्या आणि स्वतः मात्र नवऱ्याबरोबर गिरणीचं करडं ब्लँकेट पांघरून झोपली. मी कधी टोकलं की म्हणायची, "करू गं. आपलीच तर आहे, पळून का जातेय?" कोणाची मुलगी बाळंत झाली, कोणाचा मुलगा परगावी निघाला, कोणी नुसतंच गोड बोललं, की आपली गोधडी पुन्हा मागे. आणि मग डोळे गेले. म्हणजे एक गेला होता, दुसरा निघाला होता.

डोळ्यांचा डॉक्टर टेबलावरच्या प्लॅस्टिकच्या डोळ्यावर बोट ठेवून समजावत होता. मधलं दिसणं जाईल, कडेचं राहील. औषधाने थोडं लांबवता येईल, थांबवता येणार नाही. दादा आपला चष्म्याचा नंबर वाढवून बघा, नंबर वाढवून बघा, हेच लावून बसला होता. वहिनीने एकच विचारलं.

"सुई किती दिवस दिसेल?"

डॉक्टर म्हणाला, तसं सांगता येत नाही. वहिनीने मान हलवली आणि पिशवी उचलली.

घरी येताना गाडी मी चालवत होते. एरवी वहिनीचं माझ्याशी अगं-तूगं असतं, पण टोमणा मारायचा असला की मी तिची वन्सं होते. मागच्या सीटवरून म्हणाली, "बरं झालं वन्सं. समोरच्या माणसाचं तोंड दिसायचं बंद होतं आणि कान तेवढे राहतात. तुमचं फुगलेलं नाक आता बघायला नको." मी हसले, आणि हसता हसता मला असं रडू फुटलं की गाडी बाजूला घ्यावी लागली. दादा काचेतून बाहेर बघत बसला. रडणाऱ्या बायकांसमोर तो नेहमी बाहेरच बघतो.

त्याच संध्याकाळी वहिनीने जाहीर केलं, की आता एकच गोधडी, आमच्या पलंगाची. डोळा आहे तोवर ती पुरी करायची आणि मग सुईला रामराम. कोणी गोड बोलो की कडू बोलो, आता ऐकणार नाही.

कापड मात्र तिला शहरातलं चालेना. शहरातल्या दुकानात कापड जुळवून, कापून, पुडक्यात घालून मिळतं. "दुसऱ्याने चघळलेलं मी खाऊ?" असं म्हणायची. तिला हवी होती खेड्यांतली दुकानं, जिथे कोणे एके काळी आणलेलं ठाण फळीवर तसंच पडून असतं आणि दुकानदारालाही ते कुठून आलं ते आठवत नाही. तिची ही दुकानं ठरलेली होती. एक गोदामात होतं, तिथे मांजर कापडावर झोपायचं. एक पिठाच्या गिरणीला लागून होतं, तिथलं कापड आधी झटकायला लागायचं. दादाचं घड्याळदुरुस्तीचं दुकान आठवड्यातून एकदा बंद असतं, त्या दिवशी आम्ही तिघं डबा घेऊन निघायचो. गाडी मी हाकायची, पिशव्या दादाने धरायच्या आणि मिजास वहिनीने करायची.

कापड घ्यायची तिची तऱ्हाच निराळी. आधी हाताने चोळायची, मग कडेचा एक दोरा ओढून बघायची, मग ठाण खांद्यावर टाकून सरळ रस्त्यावर उन्हात. दुकानदार मागून "अहो बाई, अहो बाई" करत. उन्हात उलटसुलट करून झालं की ती वास घ्यायची. मी एकदा म्हटलं, "आता चाटून बघायचं तेवढं राहिलंय." तर म्हणाली, "लाल असेल तर तेही बघते. रंग सुटतो का ते कळतं." आणि घरी आलं की प्रत्येक कापड मिठाच्या पाण्यात बुडवायचं, वाळवायचं, इस्त्री करायची आणि मगच कात्री लावायची. आमच्या न्हाणीघरात आंघोळीला जागा नसे.

सगळ्यांत लांबचं दुकान गजवालीचं. तिचं खरं नाव काय, कोण जाणे. मीटरने मोजून द्यायला ती साफ नकार देते आणि लोखंडी गज घेऊन बसते, म्हणून ती गजवाली. घराच्या पुढच्या खोलीत दुकान. एका भिंतीला कापड, दुसरीला बादल्या आणि खिळे. बाई स्वतःही गोधड्या शिवते आणि तोंडाची भयंकर फाटकी. वहिनीने आजवर जे जे शिवून नेऊन दाखवलं, त्या प्रत्येकाला तिने नाक मुरडलं. "हा निळा या हिरव्याशेजारी? रात्रभर भांडतील, माणसाला झोप लागायची नाही." नाहीतर, "टाके मोठे झालेत. घाई होती का कुठे जायची?" वहिनीचा तिथे तिळपापड व्हायचा. परतताना गाडीत ती तणतणायची, आणि घरी पोचल्या पोचल्या तो निळा काढून टाकायची. लोकांच्या शंभर कौतुकांपेक्षा तिला त्या बाईचं एक नाक मुरडणं मोलाचं वाटायचं.

तर कापड जमलं, धुतलं, कापलं. चौकोन जोडून वरचा थर झाला, खाली अस्तर, मध्ये भर. आणि धावदोरा सुरू झाला. वहिनी हे शिवणं कडेने सुरू करत नसे. मधोमध पहिली ओळ घालायची आणि तिच्याभोवती चौकोनात फिरत बाहेर बाहेर जायचं, म्हणजे कापडाची सुरकुती पुढे सरकत सरकत काठातून निघून जाते. यात एकच मेख आहे. मधली ओळ सरळ तर सगळ्या सरळ. मधली वाकडी गेली, की पुढची तिला धरून वाकडी, आणि पुढची आणखी वाकडी.

मी सकाळी कामावर जाण्याआधी तिला सुया ओवून ठेवायचे. ती खिडकीत बसायची, दादाचं जुनं भिंग डोळ्याला लावून, मान तिरकी करून. कडेने बघायला शिकली होती ना. पहिली ओळ सुरेख आली. दुसरीही निम्मी चांगली आली. मग एका संध्याकाळी मी घरी येऊन बघते, तर दुसरी ओळ एका कोपऱ्याशी उतरणीला लागलेली.

माझ्या तोंडातून "अगं" एवढंच निघालं. पलीकडून दादाने असे डोळे वटारले की पुढचा शब्द मी गिळला.

"काय गं?" वहिनी म्हणाली.

"काही नाही. चहा टाकू का विचारत होते."

स्वयंपाकघरात मी दादाला धरलं. "अरे, ओळ घसरलीय. आत्ता सांग, ती उसवेल. आत्ता हातभरच उसवावं लागेल."

"आणि तिचं मन मोडलं म्हणजे?"

"शिवण वाकडी गेली की उसवायची, हे तिचंच म्हणणं आहे ना?"

"तेव्हा डोळे होते तिला," दादा म्हणाला. "आता उसवायला लावलं तर ती पुन्हा सुई धरणार नाही. राहू दे ना चार दिवस सुखात. गोधडी आमच्या पलंगावर पडणार, बघणार मी. मला चालतेय वाकडी." या माणसाला केसाएवढा काटा तिरका बसला तर खपत नाही, आणि तो म्हणत होता, चालतेय. काय बोलणार! मला राग येत होता आणि त्याची कीवही येत होती, आणि दोन्ही मिळून मी काहीच केलं नाही.

त्यानंतर रोज संध्याकाळी तेच. वहिनी काम खाली ठेवून विचारायची, "सरळ आहे ना हो?" आणि दादा भिंग लावल्याचं नाटक करून म्हणायचा, "अगदी दोरी धरल्यासारखी." ती खूश व्हायची, जेवायला दोन घास जास्त खायची. चौथी ओळ तिसरीला जाऊन भिडली. एके ठिकाणी टाके कापड सोडून नुसत्या भरीत गेले. एक चौकोन निसटला होता तो तिने परत जोडला, तर उलटी बाजू वर आली. दादाचं आपलं "छान, छान" चालूच. मी त्या खोलीत जायचंच टाळायला लागले. सुया ओवून ठेवायच्या आणि काढता पाय घ्यायचा.

मग काठाचं कापड आणायचं ठरलं. वहिनी म्हणाली, काठ गजवालीकडचाच, आणि गोधडी बरोबर न्यायची. "बघू दे भवानीला. या वेळी नाव ठेवायला जागा नाही." दादाने नाही नाही ते बहाणे सांगून पाहिले. रस्ता खराब आहे, गाडीचा आवाज येतोय, तिचं दुकान बंद असेल. वहिनी गोधडी मांडीवर घेऊन गाडीत जाऊन बसली. तोवर तिचा दुसरा डोळाही बराच उतरला होता. गाडीचं दार तिला चाचपडून सापडलं.

दुकानात शिरल्या शिरल्या तिने गजवालीला हाक मारली आणि गोधडी गल्ल्याशेजारच्या फळीवर पसरली. भराभर हात फिरवून कोपरे सारखे केले. "बोल आता," म्हणाली. "काय बोलायचं ते बोल."

गजवालीने बघितलं. मग तिने वहिनीच्या तोंडाकडे बघितलं, तिच्या डोळ्यांकडे, जे बाजूच्या बादल्यांकडे लागले होते. मग आमच्याकडे. वहिनीच्या पाठीमागे दादाने हात जोडले. त्या फटकळ बाईने हातातला गज खाली ठेवला.

"छान झालीय," ती म्हणाली.

वहिनीचा कापडावर फिरणारा हात थांबला.

"काय म्हणालीस?"

"छान झालीय गं. खरंच."

आयुष्यात त्या बाईने छान म्हटलं नव्हतं. वहिनी अगदी हळू म्हणाली, "कुठून बिघडलीय?"

वहिनीने बोट पुढे केलं.

"माझं बोट धर आणि ठेव तिथे. तू तरी खोटं बोलू नकोस."

गजवालीने डोळे पुसले, तिचं बोट धरलं आणि दुसऱ्या ओळीच्या त्या कोपऱ्यावर ठेवलं. वहिनीने बोटाने टाके मोजत मोजत माग काढला. तिथून तिसरी ओळ, चौथी, जिथे ओळी भिडल्या होत्या ती जागा, तो उलटा चौकोन. ती सगळीकडून फिरली. आम्ही उभे होतो. मला वाटलं, जमीन फाटावी आणि मला पोटात घ्यावं.

"दुसऱ्या ओळीपासून," ती म्हणाली आणि दादाकडे वळली. "अहो, दुसरी ओळ घालताना मला दिसत होतं. तेव्हा सांगितलं असतंत तर मी उसवलं असतं. सावकाश, पण उसवलं असतं. आता मला उसवायलाही दिसत नाही."

"मी उसवतो," दादा म्हणाला. "आज घरी गेल्यावर बसतो. सगळं उसवून देतो तुला."

"आणि शिवणार कोण?"

वहिनीने गोधडीची घडी घातली. कोपऱ्याला कोपरा लावायला तिला वेळ लागला, पण कोणाला हात लावू दिला नाही. घडी गजवालीपुढे सरकवली. "तुझ्या पुढच्या गोधडीत भर म्हणून घाल. कापड चांगलं आहे, सगळं धुतलेलं आहे. आत जाऊ दे, दिसायला नको कोणाला."

गजवाली नको नको म्हणाली, मग घेतली. दोघी एकमेकींच्या गळ्यात पडून रडल्या वगैरे असं काही झालं नाही. वहिनी म्हणाली, "चला," आणि दाराच्या उजेडाकडे बघून चालायला लागली.

परतीच्या वाटेवर दादाला शांतता सोसेना. तो तिला बाहेरचं सांगायला लागला. डावीकडे शेत पिवळं झालंय बघ. एक माणूस दोन बकऱ्या घेऊन चाललाय. ढग आलेत तिकडे. बिचारा सांगत होता, सांगतच होता.

"नका सांगू," वहिनी म्हणाली.

"अगं, तुला दिसत नाही म्हणून..."

"म्हणूनच नका सांगू. आता जन्मभर मला तुमच्याच डोळ्यांनी बघायचंय. आणि तुमचं मी खरं कसं मानू?"

ती चिडून बोलली नव्हती. चिडली असती तर बरं झालं असतं, दादाला ऐकून घेता आलं असतं. तो काचेकडे तोंड करून बसला आणि त्याचे खांदे हलत राहिले. मी रस्त्यावर लक्ष ठेवलं.

याला आता बरेच दिवस झाले. दुसरा डोळाही गेला, डॉक्टर म्हणाला होता ते कडेचं दिसणंही राहिलं नाही. दादाने दुकान बंद केलं आणि तो घरीच असतो. तिचं सगळं करतो, तिला हाताला धरून फिरवून आणतो, आणि आता खरं बोलतो, अगदी खरं, भाजीत मीठ जास्त झालं तर तेही सांगतो. ती ऐकून घेते.

परवा सकाळी मी निघाले होते. दादा म्हणाला, "बाहेर छान ऊन पडलंय. खिडकीत बसतेस?"

वहिनी माझ्याकडे वळली. "पडलंय का गं?"

"पडलंय वहिनी," मी म्हटलं.

ती उठली, भिंतीच्या कडेने खिडकीपाशी गेली, आणि हात बाहेर काढून बघितलं.