जाळी विरघळेपर्यंत

आधीच सांगून टाकतो. भूतखेत, अंगात येणं, स्वप्नात येऊन काही सांगून जाणारी मंडळी... यातल्या कशावरही मी कधी विश्वास ठेवला नाही, आजही ठेवत नाही. अमावास्येला नवा ट्रॅक्टर घरी आणणारा आमच्या गावात मी एकटाच. तेव्हा खाली कॉमेंटमध्ये ‘मनाचे खेळ’ असं लिहायला ज्यांची बोटं शिवशिवतायत, त्यांनी शेवटपर्यंत वाचावं. मग खुशाल लिहावं.

माझी द्राक्षबाग दिंडोरीपासून सहा-सात किलोमीटरवर आहे. मुलींच्या शाळेसाठी आम्ही नाशिकच्या इंदिरानगरला फ्लॅट घेतलाय. मी रोज सकाळी बागेत जातो, संध्याकाळी परत येतो. आई मळ्यातच राहते, तिला शहरात करमत नाही. तीन वर्षांपूर्वी, माल काढून संपत आला होता तेव्हा, माझ्या उजव्या जांघेत लिंबाएवढा फुगवटा दिसायला लागला. उभं राहिलं की बाहेर, आडवं पडलं की आत. हर्निया.

नाशिक रोडच्या एका सर्जनना दाखवलं. ते म्हणाले, ऑपरेशन करून आतून आधाराची जाळी बसवू, ती कायमची राहते. मी विचारलं, “विरघळणारी पण मिळते ना?”

“मिळते,” ते म्हणाले. “पण तुमचं काम वजन उचलायचं. ती दीड-दोन वर्षांत विरघळून जाते. तोवर तुमच्या शरीराने त्या जागी स्वतःचा थर धरायला हवा. नाही धरला तर हर्निया परत येईल आणि पुन्हा टेबलावर झोपावं लागेल. तुम्हाला मी कायमचीच सुचवेन.”

पण माझं डोकं बागायतदाराचं. खुंटावर कलम केलं की आम्ही सांध्याला पट्टी गुंडाळतो. कलम जुळलं की पट्टी सोडायची. विसरलात तर खोड जाड होतं आणि तीच पट्टी त्याला काचते. त्यात माझ्या चुलतभावाला कायमची जाळी बसवलीय, मोटारसायकलवर बसताना त्याला अजून टोचतं. “सगळ्यांना तसं होत नाही,” डॉक्टर म्हणाले. मी म्हटलं, मला सुटणारी पट्टीच हवी. शेवटी त्यांनी माझी सही घेतली. “परत आला तर या, पण भांडायला येऊ नका,” म्हणाले.

गावात ही बातमी पोचायला कितीसा वेळ लागतो... पारावर चुलतभाऊ सगळ्यांदेखत म्हणाला, “याला साखरेची जाळी बसवलीय. पावसात भिजू नको रे बाबा.” तेव्हाच ठरवलं, काय वाटेल ते होवो, हा हर्निया परत येऊ द्यायचा नाही.

ऑपरेशननंतर सहा आठवडे वजन उचलायचं नव्हतं. मी चौथ्याच आठवड्यात खरड छाटणी बघायला बागेत गेलो. सकाळचे साडेदहा वाजले होते. शेडच्या दारात खताची गोणी आडवी पडलेली, येणाऱ्या-जाणाऱ्याच्या पायात येत होती. मी वाकलो, गोणीला हात घातला... आणि कोणीतरी माझ्या उजव्या जांघेवर तळहात दाबून धरला.

कळ नव्हती, मुंग्या नव्हत्या. हातच होता — गरम, खरखरीत, कपड्याच्या आतून थेट कातडीवर. अंगठा पोटाकडे, चार बोटं मांडीकडे. मी गोणी सोडली तसा तो गेला. आजूबाजूला कोणी नव्हतं, छाटणीवाल्या बाया चार ओळी पलीकडे होत्या.

मग हे नेहमीचंच झालं. जोरात खोकलो की हात. शिंक आली की शिंकेच्या आधी हात. डॉक्टरांना सांगितलं तर म्हणाले, “ऑपरेशननंतर नसा अशा वागतात, होईल कमी.” मला पटलं. पटवून घ्यायचंच होतं.

तरी म्हटलं, परीक्षा घेऊन बघू. सहा आठवडे उलटल्यावर बायकोला, सुनीताला, सांगितलं की चार क्रेट गोणपाटाने झाकून ठेव, दोनांत माती भर, दोन रिकामे, आणि कुठले कुठले ते मला सांगू नकोस. तिने मला वेड्यात काढलं, पण ठेवले. मी एकेकापाशी जाऊन वाकलो, क्रेटला हात न लावता. पहिल्याला काही नाही. दुसऱ्याला हात आला. तिसऱ्याला आला. चौथ्याला नाही. गोणपाट काढलं तर माती मधल्या दोनांत होती. पुढच्या रविवारी जागा बदलून पुन्हा केलं. पुन्हा तेच.

सुनीता खाली बसली. म्हणाली, “अहो, अण्णा असतील ते.”

अण्णा म्हणजे माझे वडील. मी दहावीत होतो तेव्हा गेले. मला राग आला. म्हटलं, “अण्णांच्या उजव्या हाताचं अंगठ्याशेजारचं बोट अर्धं होतं, कडबाकुट्टीच्या यंत्रात गेलेलं. लहानपणी त्या थोटक्या बोटाला धरून मी बाजारात फिरलोय. हा हात पुरता आहे, पाची बोटं मोजलीत मी. ज्याचं बोट अर्धं, त्याचा हात पुरता कसा?” वाद जिंकल्याचं समाधान मला चांगले दोन-तीन महिने पुरलं.

श्रावणात एकदा मळ्यात जेवत असताना सुनीताने आईसमोर तो विषय काढलाच. आईची भाकरी तव्यावरच राहिली.

“उजवीकडं का?” तिने विचारलं.

“हो.”

“तू तीन म्हयन्यांचा होता. डांग्या खोकला झाल्ता तुला, लय. खोकला का ते तिथंच फुगायचं, उजवीकडं. तुझे अण्णा मांडीवर घेऊन बसायचे अन् तिथं हात दाबून धरायचे. ढास लागायच्या आधीच धरायचे, त्यांना कसं कळायचं देव जाणे. पावसाळा सरेस्तोवर धरला. मंग खोकला ग्येला, फुगायचंबी थांबलं.”

मला हे कोणी कधीच सांगितलं नव्हतं. तरी मी हट्टाने म्हणालो, “आई, त्यांचं बोट...”

“बोट ग्येलं तू पहिलीत असताना. तवा समदी बोटं व्हती की.”

भाकरी करपली. मी अर्ध्या ताटावरून उठलो.

पुढे तो हात हलका होत गेला. पहिल्या वर्षी दाब असायचा, दुसऱ्या वर्षी नुसता ऊबदार स्पर्श, मग फक्त बोटांची टोकं. गेल्या सीझनला, भर दुपारी, मालाने भरलेला क्रेट उचलायला वाकलो. थांबलो. काही नाही. मुद्दाम दोनदा खोकलो. काहीच नाही. त्याच आठवड्यात सोनोग्राफी केली. डॉक्टर म्हणाले, “जाळी दिसत नाही आता, विरघळली. पोटाची भिंत मजबूत आहे. जे धरलंय ते तुमचं स्वतःचं.” गाडीत येऊन बसलो आणि मला रडू आलं. लपवत नाही.

आता तुमच्या कॉमेंट्स. नसा? नसेला गोणपाटाखालची माती दिसते का? शरीर लक्षात ठेवतं म्हणाल. तीन महिन्यांच्या पोराचं शरीर बोटं मोजून ठेवत असेल तर ठेवो बापडं, मी मान्य करतो. पण मातीचं काय, ते सांगा. मला सांगता आलेलं नाही. डॉक्टरांना नाही, गावाला नाही, सुनीतालाही नाही. आणि भूत मी अजूनही मानत नाही, त्यावरून माझ्याशी वाद घालायचा असेल तर बागेत या.

हर्निया परत आलेला नाही. चुलतभाऊ आता साखरेचं नाव काढत नाही. माझं म्हणाल तर प्रत्येक क्रेट उचलायच्या आधी मी अजून वाकून क्षणभर थांबतो. हात येत नाही. मग उचलतो.