मामाजींचा काटा

माझी लेक आठ महिन्यांची होती, तेव्हा अंगणवाडीच्या ताईंनी तिच्या कार्डावरची रेघ मला दाखवली. दोन महिने ती वर चढलीच नव्हती. वजन सहा किलो तीनशे. "वेळेवर भरवता ना?" त्यांनी विचारलं, आणि मी जी घरी आले ती पदर तोंडाला लावूनच. त्यात शेजारीण दारातून म्हणाली, "मायचं दूध पुरत नसन." मी तिच्यापुढे हसले आणि दुपारचं ताट तसंच सारून ठेवलं. रात्रीचंही.

पवनारला आमची भाजीची वाडी आहे. सासरे, म्हणजे आमचे मामाजी, वांगी-मेथी पिकवतात आणि वर्ध्याच्या बाजारात स्वतः बसून विकतात. एका रविवारी त्यांनी आपला टांगायचा स्प्रिंगचा काटा अंगणातल्या लिंबाच्या फांदीला अडकवला. "कायले रडून राह्यली, बाई? घरी काटा हाये ना. मीच तोलतो."

मग दर रविवारी माझ्या जुन्या साडीच्या झोळीत लेकीला ठेवायचो. ती पाय झाडायची आणि मी दोन्ही हात झोळीखाली धरून उभी, त्यामुळे आकडा फक्त मामाजींना दिसायचा. "साडेसहा!" काही रविवारांनी "पावणेसात!" सहाव्या रविवारी तर "सात!" मला पुन्हा भूक लागायला लागली. अंगणवाडीकडे फिरकणंच मी बंद केलं. रडवणाऱ्यांकडे जायचं कशाला?

गोवराच्या लसीसाठी दवाखान्यात मात्र जावंच लागलं. तिथे आकडा आला सहा चारशे. "काटा बिघडलाय तुमचा," मी नर्सबाईंना ठणकावून सांगितलं. त्यांनी पुन्हा मोजलं. तेवढंच. डॉक्टरांनी तपासलं, आजार काही नव्हता. लेकीला मी दुधावर आणि वरणाच्या पाण्यावर ठेवलं होतं. घट्ट वरण-भात कालवून, वर चमचाभर तेल घालून दिवसातून तीनदा भरवा, म्हणाले. एवढंसंच होतं, आणि त्यात माझ्या लेकीचे सहा आठवडे गेले.

घरी येऊन मी मामाजींवर आयुष्यात पहिल्यांदा ओरडले. "गिऱ्हाइकाले कधी फसवलं नाई तुमी, मंग मलेच काऊन?"

ते वांग्यांच्या टोपलीपाशी मान खाली घालून बसले होते. "तू जेवत नव्हती, बाई. पयल्या रविवारी मी साडेसहा म्हटलं न् तू दोन भाकरी खाल्ल्या. मंग खरं तोंडातून निघेच ना."

राग गेला नाही, पण रडू आलं. माझ्या दोन भाकरी मोजणारं या घरात कुणी आहे, हे मला माहीतच नव्हतं. तरी चार दिवस मी त्यांच्याशी बोलले नाही. वरण-भात कालवून भरवत राहिले, ते लांबून बघत राहिले.

पुढच्या महिन्यात अंगणवाडीत निघाले तर मामाजी बाजार सोडून सोबत आले. वजन करायच्या आधी त्यांनीच नातीचं झबलं काढलं, पायातले चांदीचे वाळे काढले, कमरेचा करगोटाही सोडला.

"सहा किलो आठशे," ताई म्हणाल्या. मला तिथेच हसू फुटलं.

मामाजी हसले नाहीत. वाळे मुठीत घट्ट धरून म्हणाले, "ताई, आणखी एकदा पाहा. मले हिले खरं सांगा लागते."