दस्मानच्या किनाऱ्यावरची पेरूची बाग

कुवेतमध्ये दोन गोष्टी न बोलावता घरात येतात: वाळू आणि दुसऱ्यांच्या बातम्या. वाळू मी झाडून काढते. बातम्या साठतच जातात, त्याला मी तरी काय करू?

साठ सालाच्या आगेमागे दस्मानच्या किनाऱ्यावर, आमच्या खिडकीखालीच, इस्माईलचाचांचं चहाचं हॉटेल होतं. बाकांवर सगळे आपले रत्नागिरीकडचे खलाशी आणि शुवैख बंदरातले कामगार. मी काही कान लावून बसत नसे. ऐकू येत असे!

*

एकदा एक गोरा कप्तान आला आणि बीअर मागू लागला. चाचांनी कडक चहा पुढे केला. तिसऱ्या ग्लासाला साहेब खिशातून आईचा फोटो काढून रडायला लागला.

चाचा म्हणाले, "बघा, चहापण चढतो. माणूस घरापासून लांब पाहिजे, बस्स!"

*

त्या हॉटेलात पत्र एकाचं, पण उत्तर सगळे मिळून सांगत. चाचांना लिहिता येत नव्हतं. दापोलीला चाचींना पत्र घालायचं तर "मी बरा आहे" एवढंच ते लिहून देणाऱ्या पोराला सांगत. पुढचं बाकांवरून येई.

"घर हवेशीर आहे, लिही."

"समोर बाग आहे लिही रे, चाचींना बरं वाटेल."

याकूब खलाशी तर थेट पेरूच्या झाडापर्यंत गेला!

चाचींचं उत्तर आलं: "पेरू धरलेत तर मी येते."

*

बारा वर्षांनी बायको येणार! चाचा हसत होते आणि घाबरतही होते. इथे पिण्याचं पाणी टँकरनं यायचं, बाग कुठली? याकूबनं कुठून तरी कुंडीत एक रोपटं आणलं. सगळे आपापल्या ग्लासातलं उरलेलं पाणी त्याला घालू लागले.

चाचांनी मला बोलावून विचारलं, "भाबी, ह्याला पेरू म्हणता येईल का?"

"चाचा, ही मिरची आहे!"

*

चाची आल्या. हॉटेलामागची एकुलती एक खोली पाहिली, कुंडी पाहिली. पेटीतून दोन साड्या काढल्या आणि पेटी पुन्हा बांधून ठेवली.

"परतीची बोट कधी?"

"आठ दिवसांनी."

आठ दिवस बाकांवरचे सगळे चहासुद्धा कुजबुजत मागत. चाचा मला जिन्यात म्हणाले, "भाबी, आता गेली तर परत यायची नाही."

मी झाडलेला जिना पुन्हा झाडायला घेतला.

*

बोटीच्या दिवशी नेमका याकूब तापानं फणफणला आणि मागच्या ओट्यावर येऊन पडला. टॅक्सी दारात उभी, पेटी टॅक्सीत. बंदरावरचा भोंगा ऐकू आला.

चाची स्टोव्हपाशी होत्या. चाचा मागे जाऊन हळूच म्हणाले, "चल गो, बोट सुटेल."

चाचींनी वळूनही पाहिलं नाही.

"ह्याची पेज शिजायचीय अजून. बोटीला घाई असेल तर जाऊ दे तिला!"